आईला घेऊन न्यूझीलंडात गाडीनं फिरायचंय? आधी तास मोजा

आमच्या आईला सोलापूरहून गाडीतनं पुण्याला न्यायचं म्हणलं की एकदा टेंभुर्णीला आणि एकदा भिगवणला थांबावं लागतंच. चहा, बाथरूम, गुडघे मोकळे करायला जरा चालणं. तिच्यासोबत न्यूझीलंडला सात-आठ दिवस गाडी चालवायचं ठरलं तेव्हा मी आधी एका एजंटकडे गेलो, त्यानं नऊ दिवसांत अकरा गावं असा कागद हातात ठेवला, त्यातले दोन दिवस तर सहा-सहा तास ड्रायव्हिंगचे. घरी येऊन तो कागद बाजूला ठेवला आणि वहीत एकच ओळ लिहिली, दिवसाला जास्तीत जास्त तीन तास गाडी आणि मधे दोन थांबे. बाकी सगळं या एका ओळीवरनं ठरत गेलं, म्हणून तुम्हीपण गावांची नावं पाठ करण्याआधी तुमच्या आईचा किंवा बाबांचा हा आकडा काढा. आकडा कसा काढायचा? सोपंय, एका रविवारी गाणगापूरला नेऊन त्याच दिवशी परत आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कशा उठतात ते बघा.

न्यूझीलंडच का, तर तिथं आपल्यासारखंच डावीकडनं गाडी चालवतात, स्टेअरिंग उजवीकडे. युरोपात उलट्या बाजूनं चालवायचं टेन्शन आणि शेजारी आई, हे मला नको होतं. दुसरं म्हणजे साउथ आयलंडला, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या बेटावर, बघायचं ते बहुतेक सगळं रस्त्यावरनंच दिसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगर चढावा लागत नाही, काच खाली केली की समोर डोंगर.

आमचा रूट असा होता: ख्राइस्टचर्च, तिथनं टेकापो, टेकापोला मुक्काम ठेवून माउंट कुक जाऊन येणं, मग वानाका, मग क्वीन्सटाउन, आणि गाडी तिथंच सोडून विमानानं तासाभरात परत ख्राइस्टचर्च. सगळं मिळून साधारण साडेसातशे किलोमीटर. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली तर काही कंपन्या जास्तीचे पैसे लावतात, तेवढं बुकिंग करतानाच विचारा. पण परत पावणेपाचशे किलोमीटर चालवत येण्यापेक्षा ते पैसे दिलेले परवडले असं माझं मत. न्यूझीलंडचा डॉलर साधारण ५० रुपयांचा धरून हिशोब मांडा, म्हणजे तिथं कॉफी पिताना छाती दडपणार नाही. (आई प्रत्येक वेळी गुणाकार करायचीच, ते काय चुकत नाही.)

कागदपत्रं निदान अडीच-तीन महिने आधी सुरू करा. पासपोर्टचं काम सोलापुरात पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतं, पण आपल्याकडच्या बायकांच्या नावाचा घोळ फार. आधारवर एक, बँकेत एक, जुन्या कागदावर माहेरचं. ते आधी एकसारखं करून घ्या. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन असतो. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, रजेचं पत्र, आईची पेन्शन असेल तर त्याची कागदं, आणि तुम्ही परत येणार हे दिसेल असं काहीतरी. आम्ही सातबारा जोडला. पण सातबारा मराठीत, आणि त्यांना प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, तेही अधिकृत, घरी बसून टाइप केलेलं चालत नाही. लायसन इंग्रजीत असेल तर तिथं चालतं, तरी मी आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून घेतलं, एक हजार रुपये फी आणि एक वर्षाची मुदत, जवळ असलेलं बरं. निघायच्या आदल्या दिवशी ट्रॅव्हलर डिक्लरेशन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट उघडली असेल तर बंद करा.

इन्शुरन्स काढताना बीपी, शुगर जे काय असेल ते स्पष्ट लिहा, लपवून दोनशे रुपये वाचतात आणि नंतर क्लेम अडकतो. तिथं अपघातात लागलं तर एसीसी नावाची सरकारी योजना पाहुण्यांच्यासुद्धा उपचाराला मदत करते, पण आजारपण त्यात येत नाही, छातीत दुखलं तर ते तुमच्या खिशातनं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या, डॉक्टरची चिठ्ठी सोबत, तीन महिन्यांपेक्षा जास्तीच्या न्यायच्या नाहीत. डब्यात काढून ठेवलेल्या सुट्ट्या गोळ्या म्हणजे उगाच प्रश्नोत्तरं.

आता खाण्याचं. हे मी लांबवणार आहे कारण भांडणं इथंच होतात. सोलापूरचा माणूस बॅग भरायला बसला की पहिली शेंगाची चटणी, मग कडक भाकरी, मग धपाटे, मग मसाला. न्यूझीलंडात शेती आणि जनावरांना रोग लागू नये म्हणून विमानतळावरची तपासणी भयंकर कडक असते. सगळं खाण्याचं सामान फॉर्मवर लिहावं लागतं. लिहिलं नाही आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड, म्हणजे वीस हजार रुपये, एका चटणीच्या पुडीपायी. लिहिलं असेल तर दंड नाही, ऑफिसर बघतो आणि ठेवायचं की टाकायचं ते सांगतो. मध, तूप, पेढे, कच्च्या बिया, ताजा कढीपत्ता हे घरीच ठेवा. आईनं सिद्धेश्वराचा प्रसाद पर्समधल्या कप्प्यात ठेवला होता, मला विमानात कळलं, उतरायच्या आधी खाऊन टाकला दोघांनी. चटणी आणि कडक भाकऱ्या आम्ही लिहून दाखवल्या, त्या सोडल्या, पण तुमच्याही सोडतीलच असं धरून बसू नका. आणि हो, चपला-बूट धुऊन न्या. तळाला शेतातली काळी माती चिकटलेली असेल तर तेही त्यांना चालत नाही.

पीठ, डाळ, तांदूळ ख्राइस्टचर्चला इंडियन दुकानातनं घ्या, पुढं टेकापोला एक छोटं सुपरमार्केट आहे तिथं दूध, भाजी, ब्रेड एवढंच धरून चाला. राहायला हॉटेलपेक्षा मोटेल बघा. आपल्याकडे मोटेल म्हणजे हायवेवरचा ढाबा, तिकडं मोटेल म्हणजे खोलीतच छोटं किचन, भांडी, फ्रिज, आणि गाडी थेट दारासमोर. बॅगा उचलून जिने चढायचे नाहीत. बुकिंग करताना तळमजला मागा आणि बाथरूममध्ये टबात चढून अंघोळ करायची आहे की सरळ शॉवर आहे ते विचारा, टबाच्या उंच काठावरनं पाय टाकताना म्हातारी माणसं पडतात. फोडणी देताना खिडकी उघडा. आम्ही नाही उघडली, मिरची जळाली, धुराचा अलार्म जो काय कोकलायला लागला, आई गॅस समजून शेगडी शोधायली आणि ती होती विजेची.

प्रवासाचं म्हणाल तर मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर ते ख्राइस्टचर्च दहा तास. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, वेगळे पैसे लागत नाहीत. आई म्हणाली "मी काय लंगडी हाय व्हय?" पण सिंगापूरचं विमानतळ बघितल्यावर गप बसली खुर्चीत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून रात्रीचं विमान पकडणार असाल तर दिवसभर कुणा नातेवाइकाकडे आडवं व्हायची सोय करा, स्टेशनवरनं थेट विमानतळावर जाऊन दहा तास बसू नका. तिथलं घड्याळ आपल्यापुढं साडेसहा तास, आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. म्हणून उतरल्या दिवशी गाडी अजिबात चालवायची नाही. टॅक्सीनं मोटेलला जा, दोन रात्री झोपा, मग गावातनं गाडी घ्या. मधल्या दिवशी बागेत फिरलो आणि पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेलं चर्च बघितलं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथं १८५ माणसं गेली, जुन्या मोठ्या चर्चचा मनोरा कोसळला, त्यानंतर हे बांधलं. आई बाकावर बसून बराच वेळ किल्लारीचं सांगत होती, ९३ साली सप्टेंबरात पहाटे आमच्या घरातली भांडी कशी वाजायला लागली ते. मी सगळं पहिल्यांदाच ऐकत होतो.

गाडी ऑटोमॅटिक घ्या. मोठी एसयूव्ही चढायला त्रास, अगदी बुटकी गाडी उठायला त्रास, मधल्या उंचीची बघा. डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डाला बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो. इन्शुरन्स पूर्ण घ्या, कंजूषपणा इथं करू नका.

रस्त्याचे नियम तुम्हाला येतात असं वाटतं पण काही गोष्टी वेगळ्या आहेत. गावाबाहेर १०० ची मर्यादा आणि गावात साधारण ५०, पण वळणावर १०० नं जायचं असं कुणी सांगितलेलं नाही. गोल चौकात उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, नाक घुसवायचं नाही. सिग्नल लाल असताना डावीकडेसुद्धा वळायचं नाही. हॉर्न विसरा. मागं दोन-तीन गाड्या साठल्या तर मोकळी जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. आणि एकेरी पूल! साउथ आयलंडला हायवेवरसुद्धा एकावेळी एकच गाडी जाईल असे पूल लागतात. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, निळ्या पाटीवर तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर तुमचा नंबर, तरी समोर बघूनच. हे काम मी आईला दिलं. "लाल हाय, थांब" "आता आपला, चल". शेजारी नुसतं बसून ती दर वळणावर दांडा धरायची, पाट्या वाचायला लागल्यावर ते बंद झालं.

पहिला दिवस ख्राइस्टचर्च ते टेकापो, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपलं पुणंच. ॲशबर्टन आमची टेंभुर्णी, फेअरली आमचं भिगवण. गावागावात सार्वजनिक बाथरूम असतात, फुकट आणि स्वच्छ, आईचं निम्मं टेन्शन तिथंच गेलं. टेकापोला तळ्याच्या काठावर १९३५ चं दगडी चर्च आहे, आणि रात्रीच्या आकाशासाठी हा सगळा भाग २०१२ पासून राखीव आहे, दिवे कमी ठेवतात, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. रात्री कडाका असतो. स्वेटर वगैरे न्यालच, पण एक सोलापुरी चादर गाडीत टाका, दिवसा आईच्या पायावर आणि रात्री बाहेर बाकावर बसायला. वजन होतं म्हणून मी काढून ठेवली होती, तिनं परत भरली, बरं झालं.

माउंट कुक टेकापोपासून शंभर-सव्वाशेच्या आतच आहे, पुकाकी तळ्याच्या काठानं रस्ता जातो. पाणी दुधी निळं, कारण बर्फाच्या नद्या डोंगर घासत येतात आणि दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहते. डोंगर ३,७२४ मीटर. तिथल्या हॉटेलसमोर हिलरीचा पुतळा आहे, एव्हरेस्टच्या आधी तो याच डोंगरांत तयार झाला. आईला शाळेतलं तेनसिंग-हिलरी पाठ होतं, म्हणाली "मग तेनसिंगचा कुठाय?" ढग असतील तर काही दिसत नाही, म्हणून टेकापोला दोन रात्री ठेवा आणि सकाळी आकाश बघून निघा. पुकाकीच्या काठाला वारा जोराचा असतो, गाडीचं दार हातानं धरून उघडा, नाहीतर दार उलटं फिरतं.

तिसऱ्या दिवशी वानाका, दोनशे किलोमीटर, मधे लिंडिस पास, ९७१ मीटर, पिवळ्या गवताचे डोंगर. घाटात सोयी नाहीत, त्याआधीच्या ओमारामा गावात सगळं आटपून घ्या, पेट्रोलसुद्धा. पेट्रोल आपणच भरायचं असतं, नळी उचलण्याआधी पेट्रोल की डिझेल ते दोनदा वाचा.

वानाकाहून क्वीन्सटाउनला दोन रस्ते. क्राउन रेंजचा जवळचा, १,०७६ मीटरवरनं, शेवटी नागमोडी उतार. ज्यांना घाटात उलटी होते त्यांना घेऊन हा नको, क्रॉमवेलवरनं जा, वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. त्या वाटेवर कवारौ नदीवरचा पूल येतो, १९८८ ला बंजी जंपिंगचा धंदा इथं सुरू झाला, ४३ मीटरवरनं पोरं उड्या मारतात आणि बघायला पैसे नाहीत. आईनं तासभर बघितलं आणि दर उडीला "अगंबाई".

क्वीन्सटाउनला मिलफर्ड साउंड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, मोहात पाडते. जाऊन-येऊन आठ तासांच्या वर गाडी. मी सोडून दिलं. त्याऐवजी ग्लेनॉर्ची, ४५ किलोमीटर, तुळजापूरइतकंच, तळ्याच्या काठाकाठानं. आणि १९१२ ची कोळशावर चालणारी बोट, खाली इंजिनात कोळसा टाकताना दिसतं.

जायचं कधी, तर नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर, तेव्हा टेकापोला जांभळी लुपिनची फुलं असतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड. ऊन मात्र थंडीतसुद्धा कातडी भाजतं, टोपी आणि सनस्क्रीन लागतंच. जून ते ऑगस्ट रस्त्यावर बर्फ, आईसोबत नको.

गाडी परत देताना टाकी भरा, चारी बाजूंनी फोटो काढा, आणि मागच्या सीटवर चादर राहिलीय का ते बघा. आमची राहिली होती, आई काउंटरवरनं परत गेली आणायला, व्हीलचेअर न घेता.