ऑफिसच्या प्रॉक्सीतून गिट चालत नाहीये? आधी एरर वाचा

ब्राउझरमध्ये गिटहब (कोड ठेवायची साइट) मस्त उघडतं पण गिट क्लोन (म्हणजे तिथला कोड आपल्या मशीनवर उतरवणं) मारलं की नुसतं लटकतं, आणि शेवटी टाइम आउट. कारण असं की ऑफिसचं सगळं इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून जातं. ब्राउझर विंडोजची प्रॉक्सी सेटिंग आपोआप उचलतो, गिटला मात्र वेगळं सांगावं लागतं. (कमांड इथे देवनागरीत देतोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

आधी रिमोटचा, म्हणजे कोड जिथे ठेवलाय त्या सर्व्हरचा पत्ता बघा: क्लोनच होत नसेल तर क्लोनच्या कमांडमधला, कोड आधीच उतरवलेला असेल तर त्या फोल्डरमध्ये 'गिट रिमोट -व्ही' मारून. पत्ता 'गिट@' ने सुरू होत असेल तर ते एसएसएच (सर्व्हरशी जोडायची वेगळी पद्धत), म्हणजे पोर्ट २२, आणि कडक नेटवर्कमध्ये तो बहुतेक बंदच असतो. लोक इथे 'एचटीटीपी.प्रॉक्सी' सेट करतात आणि तरी चालत नाही म्हणून वैतागतात, पण ती सेटिंग एसएसएचला लागूच होत नाही हो!

सोपं म्हणजे रिमोटच एचटीटीपीएसचा करा, मग 'गिट कॉन्फिग --ग्लोबल एचटीटीपी.प्रॉक्सी' आणि पुढे प्रॉक्सीचा पत्ता नि पोर्ट. एचटीटीपीएस साइटसाठीसुद्धा हीच सेटिंग, 'एचटीटीपीएस.प्रॉक्सी' असं काही नसतं. नेटवर्क सेटिंगमध्ये पत्त्याऐवजी पॅक फाइलची (कोणत्या साइटला कोणता प्रॉक्सी हे ठरवणारी स्क्रिप्ट) लिंक दिसली तर ती गिटला कळत नाही, फाइल नोटपॅडमध्ये उघडून आतला खरा पत्ता शोधायचा. आणि गिटहबने पासवर्ड मागितला तर टोकन (गिटहबच्या सेटिंगमधून बनवायची वेगळी किल्ली) द्या, अकाउंटचा पासवर्ड २०२१ पासून चालत नाही.

आता एरर. ४०७ आला तर प्रॉक्सीला लॉगिन हवंय. पत्त्यात फक्त युजरनेम टाका, पासवर्ड गिट स्वतः विचारतं, कारण पासवर्डपण टाकला तर तो कॉन्फिग फाइलमध्ये उघडा पडून राहतो (आणि त्यात @ असेल तर %४० लिहायची कटकट वेगळीच). प्रॉक्सीकडून ४०३ आला तर तुमच्या सेटिंगचा दोष नाही, प्रॉक्सीनेच ती साइट अडवलीय, सरळ आयटीवाल्यांकडे तिकीट टाका.

'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट' वाली एरर म्हणजे बहुतेक प्रॉक्सी मधेच ट्रॅफिक उघडून कंपनीच्या सर्टिफिकेटने परत बंद करतोय. नेटवर जो तो सांगतो 'एसएसएलव्हेरिफाय फॉल्स' करा. अजिबात करू नका, मग समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे तपासणंच बंद होतं. विंडोजवर 'एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड' ला 'एसचॅनल' द्या, म्हणजे गिट विंडोजचीच सर्टिफिकेटं वापरतं, लिनक्सवर कंपनीची रूट सर्टिफिकेट फाइल 'एचटीटीपी.एसएसएलसीएइन्फो' मध्ये दाखवा.

एसएसएचच हवं असेल तर गिटहब ४४३ पोर्टवरही एसएसएच घेतं. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्ट 'गिटहब.कॉम' खाली होस्टनेम 'एसएसएच.गिटहब.कॉम', पोर्ट ४४३, युजर 'गिट'. गिटलॅबचं होस्टनेम 'ऑल्टएसएसएच.गिटलॅब.कॉम'. थेट ४४३ पण बंद असेल तर त्याच्याच खाली प्रॉक्सीकमांडची ओळ: 'एनसी -एक्स कनेक्ट' (एनसी म्हणजे नेटकॅट, जोडणी करून देणारं छोटं टूल), मग छोट्या एक्सचा '-एक्स' नि प्रॉक्सीचा पत्ता, शेवटी '%एच %पी'. पहिला एक्स मोठा, दुसरा छोटा, उलट केलं तर चालणार नाही. विंडोजवर एनसी नसतं, तिथे गिटसोबत आलेलं 'कनेक्ट.एक्सई' वापरा, फक्त त्याचे ऑप्शन वेगळे असतात. पोर्ट ४४३ ची ओळ मात्र ठेवाच, बरेच प्रॉक्सी दुसऱ्या पोर्टला जाऊच देत नाहीत.

ऑफिसमधला आतला गिट सर्व्हर प्रॉक्सीतून गेला की हमखास बिघडतो, त्याचं नाव 'नो_प्रॉक्सी' या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (सिस्टीमच्या सेटिंगमध्ये) टाका. आणि लॅपटॉप घरी नेलात तर 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट एचटीटीपी.प्रॉक्सी', नाहीतर घरच्या वायफायवर गिट ऑफिसचा प्रॉक्सी शोधत बसेल.