राजगड–तोरणा गटाने करताय? आधी शेवटचा माणूस ठरवा

बूट, टोपी, डबा, बदलायचे कपडे यांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि गेल्या डिसेंबरात आम्हा तेरा जणांकडे ते सगळं होतं. नव्हता तो फक्त सगळ्यांच्या मागून चालणारा माणूस. तो नेमायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि गट घेऊन मीच निघालो होतो. म्हणून पहिली नोंद हीच: येणाऱ्यांची नावं पक्की झाली की गाडीचे पैसे गोळा करण्याआधी शेवटचा माणूस ठरवा.

क्लबवाले त्याला टेल म्हणतात. शेवटचा माणूस म्हणजे जो दमून आपोआप मागे पडतो तो नव्हे. वाट माहीत असलेला, दमसास असलेला आणि मुख्य म्हणजे चिडचिड न करणारा माणूस तिथे लागतो. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. कुणी नाडी बांधायला थांबलं, फोटोला थांबलं, आडोशाला गेलं, की हाही थांबणार. प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याच पाठीवर द्या. पाय मुरगळतो तो बहुतेक मागच्याचा आणि पिशवी असते पुढे पळणाऱ्याकडे, हे मी स्वतः पाहिलंय. आणि हे काम तोंडदेखलं देऊ नका. ‘तू जरा मागे बघ हं’ एवढ्यावर भागत नाही. सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा: आज शेवटचा माणूस हा.

आता आठवडाभर आधीची कामं. राजगड ते तोरणा ही वाट बारा-चौदा किलोमीटरची आहे. त्याआधी राजगडाचा चढ आणि शेवटी तोरण्याचा उतार, हे वेगळं. ज्यांनी सिंहगडाशिवाय काही चढलेलं नाही, त्यांना नुसत्या राजगडाला न्या. वाईट वाटेल, वाटू द्या. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नकाशा उघडायला लागते. हा नकाशा पुढच्याकडे हवा, मधल्या एकाकडे हवा आणि शेवटच्या माणसाकडे तर हवाच. घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: कोण कोण, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. गाडीवाल्यालाही तेच सांगा. आमचा ड्रायव्हर तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यात, रात्री नऊपर्यंत काहीच कळलं नाही म्हणून गावात विचारत फिरत होता. 112 आणि 108 पाठ असतीलच, पण महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं स्वतःचं बचावकार्य समन्वय केंद्र आहे, त्याचा नंबरही आधीच शोधून प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका.

पाणी माणशी चार लिटर. राजगडावर टाकी आहेत, पण तोरण्याच्या बाजूची संजीवनी माची सोडली की डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. कुणी ‘मला तहान कमी लागते’ म्हणालं तरी चार. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या बाटलीत अख्खी ओतू नका, ते बरोबर नाही. टॉर्च प्रत्येकाची वेगळी आणि शक्यतो कपाळाला बांधायची, मोबाइलचा उजेड हिशेबात धरायचा नाही. शिट्टीही प्रत्येकाच्या गळ्यात, बॅगेच्या तळाशी नको. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा; उत्तर तीन शिट्ट्यांचं. निघण्यापूर्वी सगळ्यांकडून एकदा वाजवून घ्या. अत्तर, डिओ घरी ठेवा. कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यांच्याखाली धूर आणि आरडाओरडा नको.

मुक्काम पायथ्याला गुंजवण्यात करा आणि पहाटे पाचच्या आत चालू लागा. आम्ही साडेसहाला निघालो, चोर दरवाजातून वर पोहोचेपर्यंत नऊ वाजले, मग कुणीतरी बालेकिल्ला बघूच म्हणालं आणि मी हो म्हटलं. तिथे दीड तास गेला. बालेकिल्ला सुंदर आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. तोरण्याला जायचं असेल तर पद्मावती माचीवर पाणी भरा, देवीला नमस्कार करा आणि सरळ संजीवनीकडे.

इथून पुढे डोकी मोजायची. अळू दरवाजातून खाली उतरलात की मोजा. प्रत्येक फाट्यावर मोजा. नुसतं ‘सगळे आले ना?’ विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. एक, दोन, तीन असं प्रत्येकाने आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा आणि शेवटचा आकडा शेवटच्या माणसाने. तेरावा आकडा ऐकू येत नाही तोवर पुढचा पाय उचलायचा नाही.

आमचं काय झालं ते सांगतो, म्हणजे हे मी पुन्हा पुन्हा का सांगतोय ते कळेल. माचीखालच्या उतारानंतर वाट कारवीत शिरते. कारवी डोक्याच्या वर जाते, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. शिवाय गुरांच्या वाटा फुटलेल्या असतात, आणि त्या खऱ्या वाटेहून जास्त मळलेल्या दिसतात. आमच्यातला एक जण बुटात गेलेला खडा काढायला बसला. त्याच्या पुढच्याला वाटलं मागे अजून कुणीतरी आहे. मागे कुणीच नव्हतं. तो उठून ढोरवाटेने गेला. दोन्ही गडांमधल्या खिंडीत डांबरी रस्त्यावर आम्ही जेवायला बसलो तेव्हा एक पोळीची गुंडाळी उरली. ती हातात धरून मी विचारलं, ‘ही कुणाची?’ तेव्हा कळलं. त्याला शेवटचं पाहून तोवर पाऊण तास झाला होता.

अडीच तास शोधलं. दोघं-दोघं करून मागे गेलो, ओरडलो, घसे बसले. शिट्टी एकाकडेही नव्हती. शेवटी गुरं घेऊन येणाऱ्या एका धनगर मामांबरोबर तो रस्त्यावर आला. हात कारवीने ओरबाडलेले, ओठ पांढरे. त्याने बाटली उलटी करून दाखवली, झाकणाच्या आत नुसता ओलावा होता. म्हणाला, ‘मी हाका मारत होतो रे. आधी तुमचं हसणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.’ त्याच्या आईला रात्री फोन मी केला. मामांनी पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन सगळ्यांना ताक पाजलं.

तर शेवटचा माणूस. खिंडीत पोहोचल्यावर आधी त्याच्याशी बोला, मग डबे उघडा. कोण लंगडतंय, कुणाचं पाणी संपलंय, कोण मघापासून गप्प आहे, हे त्यालाच माहीत असतं. पुढे चालणाऱ्याला सगळे ताजेतवानेच वाटतात. आणि पुढे जायचं की नाही हा निर्णय इथेच घ्यायचा, कारण गाडीरस्ता इथे आहे, नंतर नाही. आमची वेळ आता लिहून ठेवली आहे: बारानंतर खिंडीत पोहोचलात तर तोरणा सोडा, मिळेल त्या जीपने वेल्हे गाठा. महाराजांनी तोरण्याला प्रचंडगड उगाच म्हटलं नाही. बुधला माचीकडचा चढ दिवसभराच्या दमलेल्या पायांनी करायचा असतो, वर सुकलेलं गवत पायाखालून सरकतं, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. एखाद्यालाच परतायचं असेल तर त्याला एकट्याला सोडू नका, दोघं सोबत द्या. त्यांतला एक शेवटचा माणूस असेल तर गटासाठी दुसरा शेवटचा माणूस तिथल्या तिथे नेमा, नाव घेऊन.

पुढचं थोडक्यात. बुधल्याकडच्या चढावर शिडी आहे, तिच्यावर एका वेळी एक जण, बॅगेचे पट्टे आवळलेले. बुधल्यावर मोजणी. मेंगाई देवळाशी खाऊन घ्या, पाणी विचारून भरा. बिनी दरवाजाखालचा उतार घसरडा, रेलिंग आहे तिथे धरा, पळू नका, गुडघे तिथेच जातात. अंधार पडला तर अंतर अजून कमी करा, पुढच्याच्या पाठीवर तुमचा उजेड पडला पाहिजे. वेल्ह्यात चहा. गाडीत बसण्याआधी मोजणी, आकडे मोठ्याने, शेवटचा त्याचाच. मग घरी फोन.