फॉक्सग्लोव्ह: बी मातीआड करू नका

इंग्लंडात घरामागच्या वाफ्यात पुढच्या उन्हाळ्यात फॉक्सग्लोव्हचे तुरे हवे असतील तर बी जूनमध्येच पडलं पाहिजे, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत. हे घंटेसारख्या फुलांचं, दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी नुसता पानांचा गड्डा, दुसऱ्या वर्षी मे-जूनमध्ये फुलांचा दांडा. हिवाळ्याआधी गड्डा वीतभर पसरला नाही, तर फुलं आणखी एक वर्ष लांबतात.

अनेकांचं बी पहिल्याच दिवशी वाया जातं. पेरलं की वर माती ओढायची, हा मेथी-कोथिंबिरीचा हात इथे घात करतो. हे बी खसखशीहून बारीक आणि उजेड लागल्याशिवाय रुजत नाही. अर्धा सेंटिमीटर माती चढली तरी ते वर्षानुवर्षं निजून राहतं आणि कधीतरी कुदळ मारल्यावर नको तिथे उगवतं. लोक पाकिटाला दोष देतात, दुसरं महागडं पाकीट आणतात आणि तेही पुरतात.

ट्रेमध्ये चाळलेलं कंपोस्ट सपाट करा. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओला होऊ द्या. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा, तळहाताने हलकं दाबा. बस, वर काही नाही. झारीने पाणी घातलं तर बी कोपऱ्यात वाहून गाडलं जातं. वर काच ठेवली तर चालेल, वर्तमानपत्र नको. 15 ते 20 अंशांत दोन-तीन आठवड्यांनी हिरवी लव दिसते. तोवर पृष्ठभाग एकदाही सुकू देऊ नका. मोड आलेलं बी दुपारच्या एका उन्हात मरतं.

पुढची कामं:
- 2 ते 4 खरी पानं (पहिल्या जोडपानांनंतरची) आली की 9 सेंमीच्या कुंडीत
- सप्टेंबरअखेर जमिनीत, अंतर 45 सेंमी
- अर्धी सावली, निचऱ्याची जमीन, पानांचं कुजलेलं खत
- रासायनिक खत नाही

लागवडीतही तीच चूक होते. गड्ड्याचा मधला कोंब मातीखाली गेला किंवा त्यावर सालीचं आच्छादन चढलं, की ऑक्टोबरच्या पावसात तो कुजतो. मधलं पान हलकं ओढून बघा. बुडखा तपकिरी होऊन हातात आला तर ते झाड गेलं. आच्छादन गड्ड्यापासून चार बोटं लांब ठेवा. चिकण जमिनीत रोप बोटभर उंचवट्यावर लावलेलं बरं, हा अनुभवाचा अंदाज. पानांवर ठिपके आले तर ती पानं काढून टाका, औषधाची बाटली आणू नका.

मे महिन्यात दुकानात तुऱ्यासकट मिळणारी कुंडी घेऊ नका. ते झाड आयुष्याच्या शेवटाला आलेलं असतं, बी धरलं की बहुधा मरतं. सोबत खपवलं जाणारं द्रवखतही नको. त्याने पाला माजतो आणि दांडा लोळतो. त्यापेक्षा स्वतःच्या एका झाडाचा तुरा पिकू द्या. बोंडं तपकिरी झाली की कागदी पिशवीत झटका, हजारो बिया मिळतात. खाली सांडलेल्या बियांवरही माती ओढू नका. आपोआप उगवलेल्या रोपांत देठ जांभळट असेल तर फूल बहुधा जांभळं, स्वच्छ हिरवा असेल तर पांढरं.

या झाडाचं पान, फूल, बी, सगळं विषारी असून ते थेट हृदयावर परिणाम करतं. फुलं येण्याआधीचा गड्डा कॉम्फ्री या काही जण खातात त्या वनस्पतीच्या पानांसारखा दिसतो, म्हणून पालेभाजीच्या वाफ्याशेजारी लावू नका. हातमोजे घाला. कोणी पान खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता 999 (इंग्लंडातला आपत्कालीन क्रमांक) लावा आणि पान सोबत न्या.