टूलने मेन्यू बदलण्याआधीची तयारी: जुना मेन्यू डाऊनलोड केलात का?

शाखांचे मेन्यू शीटवरून गूगल बिझनेस प्रोफाइलवर (सर्च आणि मॅप्सवर दिसणाऱ्या व्यवसायाच्या पानावर) पाठवणारं टूल उघडण्याआधी एकच काम करा: प्रोफाइलवर सध्या जो मेन्यू दिसतोय तो एपीआयने (टूलला गूगलशी थेट बोलता येतं ती सोय) जसाच्या तसा डाऊनलोड करा, फाइलच्या नावात शाखा आणि तारीख घाला आणि बाजूला ठेवा. गूगल बिझनेस प्रोफाइलवर पाठवलेला मेन्यू जुन्यात मिसळत नाही, जुन्याच्या जागी बसतो. चार पदार्थांच्या किमती बदलायच्या म्हणून चारच पदार्थ पाठवलेत, तर मेन्यूत चारच उरतात, बाकीचे सगळे गेले. एररसुद्धा येत नाही, कारण टूलच्या लेखी काम नीट झालेलं असतं. अपडेट मास्क (कोणता भाग बदलायचा ते सांगणारी खूण) लावला की वाचू, या भरवशावर राहू नका. मास्कमध्ये 'मेन्यूज' लिहिलं की अख्खी यादीच बदलते, आतला एखादा पदार्थ वेगळा काढून बदलता येत नाही. म्हणून आधी डाऊनलोड, मग त्याच फाइलमध्ये बदल, मग पूर्ण फाइल परत पाठवायची. दर वेळी.

लॉगिन वगैरे असेलच. खातं त्या प्रोफाइलचं मालक किंवा मॅनेजर हवं. क्वोटा (एपीआयला किती विनंत्या चालतील ती मर्यादा) शून्य दिसत असेल तर एपीआयची मंजुरीच मिळालेली नाही, उगाच कोड तपासत बसू नका. टूलला खात्याची परवानगी मिळवून देणारं ऑथचं अ‍ॅप 'टेस्टिंग'मध्ये राहिलं असेल तर रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता परवानगी चालू ठेवणारी किल्ली) सात दिवसांत संपतं, आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारं टूल दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं. प्रत्येक शाखेच्या माहितीत 'कॅन हॅव फूड मेन्यूज' खरं आहे का तेही बघून घ्या. तिथे नकार असेल तर त्या शाखेला अशा प्रकारे मेन्यू लावताच येणार नाही.

आता शीट. वेळ जातो तो इथेच. शाखेचा लोकेशन आयडी लांबलचक आकडा असतो आणि एक्सेल आकड्याचे पहिले पंधराच अंक सांभाळतं, पुढच्यांची शून्यं करतं. आयडी बरोबर दिसतो, पण ती शाखा सापडतच नाही. त्यामुळे फाइल आत घेण्याआधी तो कॉलम 'टेक्स्ट' करा, नंतर करून उपयोग नाही, अंक तोवर गेलेले असतात. अर्ध्या प्लेटसाठी कुणी १/२ लिहिलं असेल तर त्याची तारीख होते, म्हणून आकाराचा कॉलमही टेक्स्टच ठेवा. सीएसव्ही (शीटची साध्या मजकुरातली फाइल) सेव्ह करताना यूटीएफ-८ हा अक्षरांचा प्रकार निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं जातात. शाखांची नावं सारखीच असतात, तेव्हा जुळवणी नावावरून करू नका, स्टोअर कोडवरून (प्रोफाइलमध्ये प्रत्येक शाखेला दिलेला वेगळा कोड) करा.

किंमत एका आकड्यात जात नाही. चलनाचा तीन अक्षरी कोड, 'युनिट्स'मध्ये पूर्णांक आणि 'नॅनोज'मध्ये अपूर्णांक, असे तीन भाग असतात. नॅनो म्हणजे एकाचा अब्जावा भाग, म्हणून २४९.५० पाठवायचे तर युनिट्स २४९ आणि नॅनोज ५०००००००० (पाच आणि त्यावर आठ शून्यं). नॅनोजमध्ये नुसतं ५० गेलं तर अर्धा रुपया, अर्धा डॉलर, जे काही असेल ते हिशेबातच राहत नाही. शीटमधल्या किमतीत स्वल्पविराम किंवा चलनाचं चिन्ह असेल तर आधी काढून टाका.

परत सांगतो, जुना मेन्यू डाऊनलोड करा. शीट अगदी परिपूर्ण असली तरीही, कारण शीटमध्ये नसलेल्या कितीतरी गोष्टी प्रोफाइलवर असतात. पदार्थाचे फोटो 'मीडिया की'ने जोडलेले असतात आणि त्या कीज तुमच्या शीटमध्ये नाहीत. शाकाहारी असल्याची खूण, अ‍ॅलर्जीची सूचना, तिखटपणा, दुसऱ्या भाषेतलं नाव, यांतलं काही मॅनेजरने हाताने भरलेलं असू शकतं. नुसत्या शीटवरून नवा मेन्यू रचलात तर हे सगळं जातं. किमती अचूक, पण फोटो आणि अ‍ॅलर्जीची सूचना गायब. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला माणूस ती सूचना बघूनच ऑर्डर देतो, ही गोष्ट किरकोळ समजू नका.

मग टूलमध्येच एक अट घाला: नव्या मेन्यूतले पदार्थ जुन्यापेक्षा कमी भरले तर पाठवू नकोस, थांब आणि विचार. मुद्दाम काढलेल्या पदार्थांची यादी वेगळी द्या, म्हणजे तेवढ्यांना सूट मिळेल. ही अट लावायलाही जुना मेन्यू हाताशी लागतोच.

आधी एकाच शाखेवर चालवा. पाठवल्यावर मेन्यू पुन्हा डाऊनलोड करून पदार्थांची संख्या, चार-दोन किमती आणि फोटो जुन्या फाइलशी ताडून बघा. जुळलं तरच पुढच्या शाखा. एका प्रोफाइलवर मिनिटाला दहाच बदल चालतात आणि ती मर्यादा वाढवून मिळत नाही, म्हणून पदार्थागणिक विनंती नको, मेन्यू एकदम पाठवा.

शेवटी लॉगिन नसलेल्या फोनवर सर्च आणि मॅप्स दोन्हीकडे बघा. लगेच दिसलं नाही तर थोडं थांबा, पुन्हा पुन्हा पाठवू नका. मेन्यू बाहेरच्या पुरवठादाराकडूनही येत असेल तर त्यांच्याकडेही बदल कळवा. वेबसाइटवरची पीडीएफ, मेन्यूची लिंक, काउंटरवरचा क्यूआर कोड एकदा बघून घ्या. डाऊनलोड केलेल्या जुन्या फाइली पुढचा बदल सुरळीत होईपर्यंत पुसू नका.