मणी सांडायचे थांबले

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नणंदेच्या हातातलं ब्रेसलेट तुटलं आणि मेनरोडवरून आणलेले माझे फिरोजी मणी थेट फ्रिजखाली. दोन अजून सापडले नाहीत! चूक माझ्या गाठीची. इलॅस्टिकला साधी गाठ मारून वर झटपट सुकणारा गोंद टाकायचे. त्याने दोरा कडक होतो आणि तिथेच तुटतो.

आता कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोरा आधी चांगला ताणून घेते, मग तो नंतर सैल पडत नाही. ०.८ मिमीचा दोरा. गाठ मारताना पहिल्यांदा दोन वेढे, नंतर एक. हळूच ओढायची, टोकं ३ मिमी ठेवायची, गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात सरकवायची. मणी मात्र ताटात नाही, जुन्या टॉवेलवर ओतते. घरंगळत नाहीत. नणंदेचं पुन्हा ओवून दिलंय. भांडी घासतानाही काढत नाही बाई!