उन्हाळ्यात डोंगरातला हवामान अंदाज कसा वाचावा

उन्हाळ्यात डोंगरात जाणाऱ्याला सगळे एकच सांगतात, “निघण्याआधी अंदाज बघ.” त्यात नेमकं काय बघायचं, हे कुणी सांगत नाही. मग फोनवर ढग-विजेचं चित्र आणि ४० टक्के हा आकडा दिसतो, “म्हणजे ६० टक्के कोरडंच की!” असं म्हणून लोक निघतात. कृपया असं करू नका. ४० टक्क्यांचा अर्थ एवढाच, की असे दहा दिवस आले तर त्यातल्या साधारण चार दिवशी त्या ठिकाणी पाऊस पडेल. किती वाजता, किती जोराचा, विजांसह की नुसताच, यातलं काहीही त्या आकड्यातून कळत नाही.

१. अंदाज किती उंचीचा आहे ते बघा. गावाचं नाव टाकलं तर दरीतलं तापमान मिळतं. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश वजा करा.

२. उकाड्याचा हिशेब चढणीसाठी करा. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला सुमारे ४१ अंश जाणवतात, तेही सावलीत. घाम वाळत नसेल तर नुसतं पाणी पिऊन शरीर थंड होत नाही. खालची दमट चढण ऊन तापण्याआधी संपवा.

३. वादळाची वेळ काढा. सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच टप्प्यावर मिळतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

सापेक्ष आर्द्रता विसरा, दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. दवबिंदू १८ अंश असलेली हवा पहाटे २० अंशांना ८८ टक्के आर्द्र दिसते आणि दुपारी ३२ अंशांना ४३ टक्के. बाष्प तेवढंच आहे, फक्त हवा तापली आहे. तरीही “दुपारी हवा कोरडी होते, तेव्हा निघा” असं सांगणारे भेटतात. तेच बाष्प दुपारी वर चढून वादळाचं इंधन होतं.

दवबिंदूवरून ढगांचा तळही काढता येतो. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा. ३२ आणि १८ मध्ये १४ चा फरक, म्हणजे तळ दरीपासून अंदाजे १,७५० मीटर वर. तुमचा माथा दरीपासून दीड हजार मीटर उंच असेल तर दुपारी ढग जेमतेम अडीचशे मीटर वर असणार. कालच्यापेक्षा आज दवबिंदू दोन-तीन अंशांनी वाढला असेल तर तळ आणखी खाली येतो. अशा दिवशी मी माथ्याचा बेत सरळ रद्द करतो.

आता केप (CAPE). हवा वर उसळायला किती ऊर्जा उपलब्ध आहे, ते हा आकडा सांगतो. १,००० च्या खाली किरकोळ, २,५०० च्या वर जोरदार, हे कोष्टक सगळीकडे फिरतं आणि त्याच्या भरवशावर “आज ८०० च आहे, बिनधास्त जा” असा सल्ला दिला जातो. डोंगरात हा सल्ला धोकादायक आहे. सपाट प्रदेशात वरचा उबदार थर अनेकदा हवेला दाबून धरतो. इथे उन्हाने तापलेले उतार हवेला स्वतःच वर ढकलतात, दोन्ही बाजूंचे दरीतले वारे धारेवर येऊन भिडतात, आणि कमी केपवरही गडगडाट सुरू होतो. म्हणून आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो कुठल्या तासाला चढू लागतो ते बघा.

दोन-तीन वेगवेगळी मॉडेल्स, म्हणजे संगणकावर अंदाज काढणाऱ्या पद्धती, उघडून बघा. एक म्हणेल पाऊस एकला, दुसरं म्हणेल चारला. सरासरी काढू नका, सर्वात लवकरची वेळ धरा आणि तिच्या दोन तास आधी धारेवरून खाली असाल असा बेत करा. परतीची वेळ घरीच ठरवा. माथा समोर दिसू लागला की ती बदलण्याचा मोह होतोच. आणि “पाऊस शेजारच्या दरीत दाखवतोय, आपल्याकडे नाही” हे तर कधीच म्हणू नका. जागतिक मॉडेल्स जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतात आणि ते चौकोन साधारण ९ ते १३ किलोमीटरचे असतात. एका चौकोनात धार आणि दोन्ही दऱ्या मावतात.

शेवटी तीन हजार मीटरवरचा वारा बघा. तो मंद असेल तर वादळ एकाच जागी बरसतं आणि ओढे फुगतात.

४. सकाळी आकाश तपासा. मध्यम उंचीवर छोट्या बुरुजांची रांग दिसली तर वरची हवा आधीच अस्थिर आहे. दहा-अकरालाच ढग रुंदीपेक्षा उंच होऊ लागले, कडा फुलकोबीसारख्या टणक दिसल्या, की परत फिरा. वरची कड धूसर, तंतुमय झाली म्हणजे तिथे बर्फ तयार झालं आहे आणि वीज केव्हाही पडू शकते.

५. गडगडाट ऐकू आला की खाली उतरा. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. पण आवाज येतोय म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहातच, त्यामुळे सेकंद मोजत उभे राहू नका. एकटं झाड, उथळ गुहा, कड्याखालची कपार टाळा. उकिडवं बसून वीज टळत नाही, तो वेळ उतरण्यात घालवा. खरा आसरा पक्की इमारत किंवा धातूच्या छपराची बंद गाडी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच.

६. ओढा ओलांडण्याआधी थांबा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत येऊ लागल्या, तर पात्रापासून उंच जागी जा आणि पाणी उतरेपर्यंत अलीकडेच राहा.