जेमिनिड्सचे फोटो काढताय? या चुका टाळा

ऑगस्टमधला पर्सिड्स उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा पावसाळी ढगांआडच संपतो. त्यामुळे महाराष्ट्रात कॅमेरा घेऊन रात्र जागवायची ती १३-१४ डिसेंबरची, जेमिनिड्स उल्कावर्षावासाठी. वेगही आपल्या सोयीचा: पर्सिड्स सेकंदाला ५९ किलोमीटर, हे ३५. हळू जाणाऱ्या उल्केची रेघ सेन्सरवर जास्त ठसठशीत उमटते. तरी पहाटे बऱ्याच जणांच्या कार्डात नुसत्या चांदण्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक शटरची. उल्का फिकट येते, मग एक्स्पोजर वाढवू, असं वाटतं. पण उल्का बहुधा सेकंदभरही टिकत नाही. ती विझल्यावर शटर उघडं ठेवून तिच्या रेघेत काहीच भर पडत नाही. उजळतं ते आकाश, आणि रेघ त्यात बुडते. उपाय अॅपर्चर आणि आयएसओमध्ये आहे. रुंद लेन्स, एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५-२० सेकंद. बस.

कॅमेरा थेट मिथुन राशीतल्या पुनर्वसूकडे रोखू नका. उल्का तिथून फुटल्यासारख्या दिसतात, पण तिथल्या जवळजवळ आपल्याच रोखाने येत असतात, म्हणून आखूड दिसतात. चाळीसेक अंश बाजूला वळा. मृग चौकटीत आलं तर फोटोही देखणा होतो.

लेन्सवरची अनंताची खूण फसवी असते. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध तारा मोठा करून ठिपका अगदी बारीक होईपर्यंत फोकसची रिंग फिरवा, मग तिच्यावर चिकटपट्टी लावा. ऑटोफोकस बंद.

दवाने माझी एक अख्खी रात्र खाल्ली. दोनच्या सुमारास मिथुन डोक्यावर येते, आणि नेमक्या तेव्हापासूनच्या सगळ्या फ्रेम दुधाळ! फडक्याने पुसायला गेलो, तर फोकसही हलला. आता पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा आधीच लेन्सभोवती गुंडाळतो.

दोन फोटोंमध्ये कॅमेरा वीस सेकंद गप्प बसतो? मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. ते चालू असेल तर अर्धी रात्र फुकट.

आणि रेघ सापडली म्हणून लगेच नाचू नका. पुढची फ्रेम बघा. तिथेही ती सरकलेली दिसली, तर उपग्रह किंवा विमान. उल्का सहसा एकाच फ्रेममध्ये, दोन्ही टोकांना निमुळती. जेमिनिड असेल तर रेघ मागे वाढवल्यावर पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्यापाशी पोचते.